प्रशिक्षकाच्या खात्यात काय काय धरायचं?

४८९ विजय, १३८ पराभव, ११ बरोबरी. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये जॉन गॅलियार्डी यांच्याइतके सामने कुठल्याही मुख्य प्रशिक्षकाने जिंकलेले नाहीत. हे आपल्या कूपरेजवरचं फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात धरून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर झेप घेऊन आडवं करायचं. कबड्डी खेळलेल्या माणसाला त्यातली धडक लगेच कळते.

मी ठाण्यात कॉलेजच्या मुलींना कबड्डी शिकवते. गॅलियार्डींबद्दल मला जो आदर आहे तो एका गोष्टीमुळे: त्यांच्या सरावात कुणी कुणाला पाडायचं नाही, हा नियम होता. मिनेसोटातल्या सेंट जॉन्स विद्यापीठात १९५३ ते २०१२, तब्बल ६० हंगाम. शिट्टी नाही, दमवणारी कवायत नाही, सराव आटोपशीर. कोण कुठे आणि कधी धावणार, याचीच पुन्हा पुन्हा उजळणी. मुलं त्यांना ‘कोच’ नाही, नुसतं ‘जॉन’ म्हणायची. २००३ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, ४०९ वा विजय मिळवून त्यांनी आधीचे विक्रमवीर प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांना मागे टाकलं. त्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपदही.

आमच्याकडे मात्र ‘अंग ठेचल्याशिवाय पकड येत नाही’ हेच ऐकत आम्ही वाढलो. मी खेळायचे तेव्हा आमच्या डाव्या कोपऱ्यात एक मुलगी होती. चवडा काढावा, म्हणजे चढाई करणारीचा पाय धरून तिला अडवावं, तर तिनेच. स्पर्धेच्या तोंडावर सरावात पूर्ण जोराने डाव चालला होता. तिने चवडा धरला, चढाई करणारीने पाय खेचला, मागून दोघी साखळी करून आल्या आणि तिघींचं वजन तिच्या वाकलेल्या गुडघ्यावर पडलं. ‘टक्’ असा आवाज मला रेषेबाहेर ऐकू आला. लिगामेंट गेलं. ती पुन्हा खेळली नाही. त्या वर्षी आम्ही जिंकलो आणि ते विजय आमच्या सरांच्या खात्यावर जमा झाले. तिचा गुडघा कुणाच्याच खात्यावर नाही.

खात्यावरचे विजय कापताही येतात, परतही करता येतात. पेन स्टेट विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक जो पॅटर्नो यांचे ४०९ विजय होते. त्यांच्या एका माजी सहायकाने लहान मुलांवर वर्षानुवर्षं अत्याचार केल्याचं प्रकरण उघड झालं, २०११ मध्ये पॅटर्नोंना काढण्यात आलं आणि २०१२ मध्ये १९९८ पासूनचे १११ विजय रद्द झाले. उरले २९८. पुढे २०१५ मध्ये तडजोड झाली आणि आकडा परत ४०९! त्या मुलांचं काय परत आलं? हा सगळा हिशेब वाचताना माझा संताप होतो. सामने मैदानात खेळले गेले होते, ते कागदावर पुसून कुणाचंच भलं झालं नाही आणि परत लिहूनही नाही.

माझ्या मुलींना पूर्ण जोराची पकड आठवड्यातून एकच दिवस, तीही मॅटवरच. बाकीचे दिवस नजर आणि वेळ: चढाई करणारीचा मागचा पाय कधी हलका पडतो ते ओळखायचं, चवड्याला हात लावायचा आणि सोडायचं. पालक काळजीने विचारतात, “ताई, मुली मऊ नाही ना पडणार?” मी त्यांना ४८९ हा आकडा सांगते. काहींना पटतं, काही दुसऱ्या संघात मुलगी घालतात. घालू देत.

प्रशिक्षकाची माहिती मागतात तेव्हा किती स्पर्धा जिंकल्या, एवढंच विचारतात. मला त्यात आणखी एक रकाना हवाय: पहिल्या वर्षाला संघात आलेल्या मुलींपैकी किती जणी तिसऱ्या वर्षीही खेळत होत्या. माझ्या वहीत मी तो कधीच आखलाय. ठाण्यातल्या बाकीच्या प्रशिक्षकांनीही आखावा आणि आपण सगळ्यांनी वह्या एकमेकांना दाखवाव्यात, असं मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे.