कॅथलिक संस्थेची नोकरी आणि विम्यातलं गर्भनिरोधन: माझा अनुभव

अमेरिकेत नोकरी धार्मिक संस्थेत असेल, तर हेल्थ प्लॅनमध्ये गर्भनिरोधन असेलच असं धरून चालू नका. 2012 पासून बहुतेक प्लॅनना ते कोपे (रुग्णाने स्वतः भरायचा वाटा) न घेता द्यावं लागतं. पण 2014 च्या हॉबी लॉबी या दुकान-कंपनीच्या खटल्यातल्या निकालाने मोजक्या लोकांच्या मालकीच्या कंपन्यांनाही श्रद्धेच्या आधारावर नकाराची वाट मिळाली. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी मोठ्या सवलतीचे नियम उचलून धरले. खटले अजून चालतात, म्हणून प्लॅनचा यंदाचाच कागद बघा.

मी एचआरला तोंडी विचारलं, "सगळं कव्हर आहे" असं ऐकलं, आणि क्लेम नाकारला गेला. प्लॅनच्या छोट्या सारांशात वगळलेल्या सेवांची यादी असते, पण नेमकं कलम 'समरी प्लॅन डिस्क्रिप्शन' या सविस्तर कागदात सापडतं. ते लेखी मागा. 'एरिसा' या केंद्रीय कायद्यानुसार ते साधारणपणे 30 दिवसांत द्यावं लागतं. चर्चच्या प्लॅनना मात्र हा कायदा बहुधा लागू नसतो. त्याच पत्रात आणखी दोन गोष्टी विचारा. प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का, म्हणजे क्लेमचे पैसे मालक स्वतः भरतो का? तसा असेल तर राज्याचा गर्भनिरोधन-कायदा त्याला सहसा लागत नाही. आणि मालकाने 'अकॉमोडेशन' ही सरकारी तडजोड घेतलीय का? घेतली असेल तर मालकाचा पैसा न लागता विमा कंपनी थेट खर्च देते आणि तसं वेगळं पत्र घरी येतं. हे पत्र जाहिरात समजून फेकलं जातं.

नाकारलेल्या क्लेमवर निदानाचा कोड वाचा. माझ्या कागदावर झेड 30 होता, म्हणजे गर्भनिरोधन. त्याच गोळ्या पीसीओएस (बीजांडकोशाचा विकार) किंवा अतिरक्तस्रावासाठी दिल्या असतील तर अनेक कॅथलिक प्लॅन पैसे देतात, कारण त्यांचा आक्षेप औषधाला नसून हेतूला असतो. त्रास खरोखर असेल आणि डॉक्टरांनी तो नोंदवला नसेल, तर कोड दुरुस्त करून घ्या आणि 180 दिवसांच्या आत अपील करा.

मालकाची श्रद्धा मी मानते. पण विमा हा माझ्या पगाराचाच भाग आहे. काय मिळणार नाही हे नोकरी घेण्याआधी लेखी सांगायलाच हवं.

सगळे रस्ते बंद झाले तर टायटल टेन क्लिनिकमध्ये (सरकारी निधीवरचं कुटुंब नियोजन केंद्र) उत्पन्नानुसार फी असते. ओपिल ही गोळी चिठ्ठीविना महिना 20 डॉलरच्या आसपास मिळते, एफएसए या आरोग्यखर्चाच्या करमुक्त खात्यातूनही घेता येते. मात्र रोज ठरल्या वेळीच घ्यायची, तीन तासांहून जास्त उशीर झाला तर पुढचे दोन दिवस कंडोम वापरायचा. कॉपर-टीला विम्याविना हजार डॉलरच्या वर जाऊ शकतं, तेव्हा रोखीचा दर आधी लेखी घ्या. भारतात सरकारी रुग्णालयात ती मोफत बसवतात. सुट्टीत बसवणार असाल तर प्रकार आणि तारीख लिहिलेलं कार्ड जपून आणा.