सल्ला देणाऱ्या वेबसाइटसाठी सीएमएस निवडताना

भाडेकरार, विमा, कर्ज, आजारपण, नोकरीतले हक्क अशा विषयांवरचा लेख प्रसिद्ध झाला की काम संपत नाही. नियम बदलतो, शुल्क बदलतं, अर्जाचा नमुना बदलतो आणि वाचक जुनं उत्तर खरं धरून पैसे भरून मोकळा होतो. म्हणून सीएमएस (वेबसाइटवरचा मजकूर लिहायचं, साठवायचं आणि प्रसिद्ध करायचं सॉफ्टवेअर) पारखताना लेख टाकणं किती सोपं आहे, हे नंतर बघा. आधी बघा की छापलेला लेख दुरुस्त करणं, जाणकाराकडून तपासून घेणं आणि ठरल्या वेळी पुन्हा हातात घेणं त्यात कसं जमतं.

पहिली कसोटी इथेच लागते. (पुढे येणारी वर्डप्रेस, ड्रुपल, वॅगटेल आणि ह्यूगो ही अशा कामाच्या सॉफ्टवेअरची नावं आहेत.) वर्डप्रेसमध्ये प्रसिद्ध लेख उघडून बदल केला आणि ‘अपडेट’ दाबलं की तो थेट वाचकासमोर जातो. जुना लेख साइटवर तसाच ठेवून नव्या मसुद्याला मंजुरी घ्यायची सोय मूळ वर्डप्रेसमध्ये नाही. लेख पुन्हा ड्राफ्ट केला तर तो साइटवरूनच उतरतो. मग लोक मजकूर वेगळ्या फाइलमध्ये काढतात, ती मेलवर फिरते आणि मंजूर होऊन परत चिकटवली जाते तेव्हा मधल्या काळात दुसऱ्याने केलेली दुरुस्ती पुसली जाते. सल्ल्याच्या साइटवर ही चूक फार महागात पडते, कारण ती कोणाच्या लक्षातच येत नाही. ड्रुपलच्या गाभ्यातलं कंटेंट मॉडरेशन हे मॉड्यूल सुरू केलं की ही सोय मिळते, वॅगटेलमध्ये ती मुळातच आहे. वर्डप्रेसच घ्यायचं असेल तर यासाठीचं प्लगइन (जादा सोय देणारा जोड-प्रोग्राम) पहिल्या दिवशी निवडा आणि त्याची देखभाल चालू आहे ना, ते पाहा.

दुसरी गोष्ट तारखांची. सीएमएस आपोआप ठेवते ती ‘शेवटचा बदल’ ही तारीख. स्वल्पविराम दुरुस्त केला तरी ती पुढे सरकते. ती लेखावर दाखवली तर माहिती ताजी तपासलेली आहे असा वाचकाचा समज होतो, आणि तो खोटा असू शकतो. ‘शेवटचा आढावा’, ‘पुढचा आढावा’ आणि ‘जबाबदार तज्ज्ञ’ अशी तीन वेगळी फील्ड (माहिती भरायचे ठरलेले रकाने) हवीत. पुढच्या आढाव्याची तारीख उलटलेल्या लेखांची यादी संपादकाला एका क्लिकवर दिसली पाहिजे. ड्रुपलमध्ये व्ह्यूज हे याद्या बनवायचं साधन वापरून ती तासाभरात बनते. वर्डप्रेसमध्ये कस्टम पोस्ट टाइप (लेखांचा स्वतंत्र प्रकार), कस्टम फील्ड (आपण जोडलेले रकाने) आणि ॲडमिन यादीतला एक जादा कॉलम एवढं करावं लागतं.

सीएमएस बघायला लागण्यापूर्वीच कागदावर लेखाचा सांगाडा मांडा: प्रश्न, दोन ओळींत उत्तर, कोणाला लागू, पायऱ्या, कागदपत्रं, मुदत, शुल्क. हे सगळं एकाच मोठ्या चौकटीत ओतलं तर पुढे ‘मुदत नमूद नसलेले लेख दाखव’ असं विचारताच येत नाही. याच कारणासाठी ओढून-सोडून पानं बनवणारे पेज बिल्डर सल्ल्याच्या लेखांना वापरू नयेत असं माझं ठाम मत आहे. त्यातले काही मजकुरात आपले शॉर्टकोड (चौकटी कंसांतल्या छोट्या खुणा, ज्यांच्या जागी साइट खरा मजकूर दाखवते) मिसळतात, आणि बिल्डर काढला की चौकटी कंसांचा ढीग मागे उरतो.

एकच आकडा अनेक लेखांत येतो, तेव्हा काय? शुल्क बदललं की ४० लेख शोधत बसावं लागतं आणि त्यातले दोन-तीन हमखास सुटतात. वर्डप्रेसचे सिंक्ड पॅटर्न (एका जागी बदलले की सगळीकडे बदलणारे ठोकळे) अख्ख्या परिच्छेदाला चालतात, वाक्याच्या मधल्या आकड्याला नाही. आकडा एका जागी साठवून लेखात छोटा शॉर्टकोड टाकणं हा तिथला सरळ उपाय. वॅगटेलमध्ये असा मजकूर स्निपेट म्हणून, म्हणजे अनेक पानांत वापरायचा वेगळा तुकडा म्हणून, ठेवता येतो.

शोध हा मराठी साइटचा खरा दुखरा भाग. वर्डप्रेसचा मूळ शोध शीर्षक, सारांश आणि मजकूर यांत टाइप केलेली अक्षरं जशीच्या तशी धुंडाळतो. कस्टम फील्डमध्ये बघतच नाही. ‘कर्ज’ शोधलं तर ‘कर्जाचा’ सापडतो, कारण मूळ अक्षरं तशीच राहतात. पण ‘विमा’ शोधणाऱ्याला ‘विम्याचा’ असलेला लेख मिळत नाही, ‘भाडे’ शोधणाऱ्याला ‘भाड्याने’ मिळत नाही. त्यात ‘भाडं’ लिहिणारे वेगळेच. म्हणजे उत्तर साइटवर असूनही वाचक रिकाम्या हाताने परत जातो. उपाय असा: प्रत्येक लेखाला ‘शोधशब्द’ नावाचं न दिसणारं फील्ड द्या, त्यात सामान्यरूपं, बोलीतली रूपं, रोमन लिपीतलं लिखाण आणि नेहमी चुकीची लिहिली जाणारी रूपं भरा आणि कस्टम फील्ड वाचणारं रेलेव्हान्सीसारखं शोध-प्लगइन लावा. निकाल न मिळालेले शब्द महिन्यातून एकदा काढून बघा. पुढचे लेख कोणते लिहायचे हे त्या यादीतूनच कळतं.

लेखांच्या वेब पत्त्यांचंही तसंच. यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, ३ बाइटचं असतं आणि वेब पत्त्यात त्याचे ९ वर्ण होतात. वर्डप्रेस स्लगला (पत्त्यातल्या लेखाच्या नावाच्या भागाला) २०० वर्णांची मर्यादा घालतं, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. ‘भाडेकरार वेळेआधी मोडल्यास काय करावे’ हा पत्ता तिसऱ्या शब्दातच तुटतो. स्लग हाताने, दोन-तीन शब्दांचा लिहा. पत्त्यात वर्ष-महिना घालू नका, कारण लेख पाच वर्षं दुरुस्त होत राहणार आहे. स्लग बदलला तर वर्डप्रेस ‘पोस्ट’साठी जुना पत्ता नव्याकडे वळवतं, ‘पेज’साठी मात्र नाही; तिथे ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं पाठवणारी सूचना) स्वतः टाकावा लागतो.

ठरावीक वेळी लेख प्रसिद्ध करायचा असेल, समजा नवा नियम १ तारखेला लागू होतोय, तर वर्डप्रेसचं वेळापत्रक पाहुणा साइटवर आला तरच चालतं हे ध्यानात ठेवा. कमी वर्दळीच्या साइटवर वेळ चुकते. त्याचा अंतर्गत क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी यंत्रणा) बंद करून सर्व्हरच्या क्रॉनमधून दर ५ मिनिटांनी चालवा. ह्यूगोमध्ये (हे साधन साध्या फाइलींतून साइटची पानं आधीच तयार करून ठेवतं) लेखाला समाप्तीची तारीखही देता येते, पण साइट पुन्हा बिल्ड केल्याशिवाय, म्हणजे पानं नव्याने तयार केल्याशिवाय, काहीच बदलत नाही.

मग घ्यायचं काय? तीन-चार लिहिणारे, काहीशे लेख आणि हाताशी कायमचा डेव्हलपर नाही: वर्डप्रेस, मोजक्या प्लगइनसह. मंजुरीचे दोन-तीन टप्पे आणि एकाहून अधिक भाषा: ड्रुपल, कारण बहुभाषिक सोय ८व्या आवृत्तीपासून गाभ्यातच आहे. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा जाणणारा माणूस असेल तर वॅगटेल. ह्यूगो तेव्हाच, जेव्हा लिहिणारे सगळे गिट (फाइलींतले बदल नोंदवणारं साधन) वापरतात. ड्रुपल घेताना पुढच्या आवृत्त्यांचा खर्च धरा: ७व्या आवृत्तीचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला, आणि ७ वरून पुढे जाणं हे साधं अपग्रेड नसून सगळ्या मजकुराचं स्थलांतर असतं.

निवडीआधी दोन सीएमएस उभ्या करा आणि १० खरे लेख भरा: सगळ्यात लांब, तक्ता असलेला, पायऱ्यांचा, आकड्यांचा. भरायला डेव्हलपर नको, रोज लिहिणारा सल्लागार बसवा. त्याच्याकडून छापलेल्या लेखाचा मसुदा मंजूर करून घ्या, एक शुल्क सगळीकडे बदलून घ्या, मुदत उलटलेले लेख काढून घ्या. शेवटी सगळा मजकूर एक्स्पोर्ट करून दुसरीकडे भरून बघा. वर्डप्रेसच्या एक्स्पोर्ट फाइलमध्ये चित्रं नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. त्यामुळे सगळी चित्रं नव्या जागी उतरेपर्यंत जुनी साइट बंद करू नका.