राउट्सची आवराआवर

आजचा बहुतेक दिवस एक्सप्रेस या नोड.जेएसच्या वेब-फ्रेमवर्कवर लिहिलेल्या एका जुन्या ॲप्लिकेशनमधील राउट्स, म्हणजे कोणत्या पाथवरच्या विनंतीला कोणता कोड उत्तर देईल याच्या नोंदी, आवरण्यात गेला. मुख्य फाइलमध्ये ‘/ऑर्डर्स’ हाच पाथ गेट, पोस्ट, पुट, डिलीट अशा प्रत्येक मेथडसाठी (विनंतीच्या प्रकारासाठी) नव्याने लिहिलेला होता आणि लॉगिन तपासणारे मिडलवेअरही (उत्तर देणाऱ्या कोडच्या आधी चालणारा कोड) प्रत्येक ओळीत चिकटवलेले होते. एक्सप्रेसच्या चौथ्या आवृत्तीपासून, म्हणजे 2014 पासून, यासाठी स्वतंत्र राउटर, म्हणजे संबंधित राउट्स एकत्र ठेवणारा वेगळा भाग, उपलब्ध आहे. त्यामुळे ऑर्डर्सचे सगळे राउट्स वेगळ्या फाइलमध्ये हलवून, मिडलवेअर राउटरवर एकदाच लावून आणि एका पाथचे हँडलर (विनंतीला उत्तर देणारी फंक्शन्स) एकाच साखळीत बांधून मुख्य फाइलमध्ये त्यांच्यासाठी एकच ओळ शिल्लक ठेवता आली. क्रम मात्र जपावा लागतो, कारण एक्सप्रेस राउट्स वरून खाली तपासते आणि ‘:आयडी’च्या जागी कोणताही शब्द चालतो. ‘/ऑर्डर्स/न्यू’ हा राउट ‘/ऑर्डर्स/:आयडी’च्या खाली गेला, तर ‘न्यू’ हाच आयडी समजला जातो आणि बिचारा डेटाबेस त्या आयडीची ऑर्डर शोधत बसतो. फोल्डरच्या रचनेवरून राउट्स आपोआप तयार करणारी पॅकेजेसही मिळतात, पण हा क्रम डोळ्यांसमोर असलेला बरा, म्हणून मी ती टाळली. पाचव्या आवृत्तीत असिंक (काम पूर्ण होण्याची वाट पाहणाऱ्या) हँडलरमधील एरर आपोआप एरर हँडलरकडे पोहोचते, त्यामुळे एरर पकडून केवळ ‘नेक्स्ट’ या फंक्शनने पुढे पाठवण्यापुरते लिहिलेले ट्राय-कॅचही काढून टाकले.