मॉड्यूल इन्स्टॉल आहे का ते पायथनलाच विचारलं, माझा अनुभव

ऑफिसात एक्सेलच्या फायली एकत्र करून रिपोर्ट काढणारी माझी एक स्क्रिप्ट आहे, ती बाकीचेही आपापल्या लॅपटॉपवर चालवतात. पांडाज (डेटा हाताळायचं पायथनचं मॉड्यूल) सगळ्यांकडे असतं पण ओपनपायएक्सएल (एक्सेल फायली वाचणारं मॉड्यूल) नसतं, आणि गंमत अशी की पांडाज ते मागतं थेट एक्सेल उघडायच्या वेळी, म्हणजे अर्धं काम झाल्यावर इम्पोर्टएरर (मॉड्यूल लोड झालं नाही अशी एरर), की लगेच मला फोन. म्हटलं स्क्रिप्टनेच सुरुवातीला काय काय नाही ते एकदम सांगून टाकावं.

ट्राय लावून इम्पोर्ट करणं सगळ्यात सोपं, नावं लिस्टमध्ये असली तर पायथनच्याच इम्पोर्टलिबमधल्या इम्पोर्ट_मॉड्यूलला स्ट्रिंग देता येते. पण नुसतं आहे का बघायला एवढं जड पांडाज लोड कशाला करायचं? मग इम्पोर्टलिब.युटिल मधलं फाइंड_स्पेक घेतलं, नाव द्यायचं, सापडलं तर त्याची माहिती (स्पेक) येते, नाही तर नन (None, म्हणजे काहीच नाही) येतं, बस. फक्त नावात डॉट असेल तर ते आधी वरचं पॅकेज इम्पोर्ट करतं आणि तेच नसेल तर नन न देता सरळ एरर फेकतं, म्हणून मी वरचंच नाव तपासते.

खरा वैताग नावांचा. पिपमध्ये (मॉड्यूल इन्स्टॉल करायचं टूल) पिलो, इम्पोर्ट करताना पीआयएल, पायवायएएमएलचं नुसतं यामल. शेवटी डिक्शनरीच केली, एका बाजूला इम्पोर्टचं नाव, दुसऱ्या बाजूला पिपचं. व्हर्जन बघायला इम्पोर्टलिब.मेटाडेटा आहे, 3.8 पासून, त्याला मात्र पिपचंच नाव लागतं.

एकाच्या लॅपटॉपवर यामल नव्हतंच तरी स्क्रिप्ट म्हणे आहे! बघितलं तर स्क्रिप्टशेजारी यामल नावाचा फोल्डर, आत नुसत्या कॉन्फिगच्या फायली. पायथन 3.3 पासून इनिट फाइल नसलेला फोल्डरही पॅकेज म्हणून चालतो ना, त्यातलाच प्रकार. आता स्पेकचं ओरिजिन, म्हणजे मॉड्यूल कुठल्या फाइलमधून येतं ते, नन आलं तर मी ते नाहीच धरते.

आणि फाइंड_स्पेकला सापडलं म्हणजे इम्पोर्ट होईलच असं नाही हां, लिनक्स सर्व्हरवर ओपनसीव्ही (इमेज हाताळायचं मॉड्यूल, इम्पोर्टचं नाव सीव्ही2) असतं पण खालची लिबजीएल ही ग्राफिक्सची सिस्टिम लायब्ररी नसली की सीव्ही2 इम्पोर्टलाच आपटतं. असल्यांना खरंखुरं इम्पोर्ट करूनच बघते.

आपोआप इन्स्टॉल करायचं मुद्दाम टाळलं, दुसऱ्याच्या मशीनवर न विचारता काही टाकणं मला पटत नाही. स्क्रिप्ट फक्त कमांड छापते, तीही सिस.एक्झिक्युटेबलचा (आत्ता चालू असलेल्या पायथनचा) पाथ, मग डॅश एम पिप इन्स्टॉल, कारण नुसतं पिप लिहिलं तर ते कुठल्या पायथनचं निघेल याचा काही भरवसा नाही.