चार्ज कोणाकडे होता?

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टासमोर माझी भाषांतराची खोली आहे. आपल्याकडे खालच्या कोर्टांचं कामकाज मराठीत चालतं आणि राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदामुळे उच्च न्यायालयाचं इंग्रजीत. त्यामुळे प्रकरण वर गेलं की साक्षी, पंचनामे, पावत्या, पत्रव्यवहार असं सगळं इंग्रजीत करून जोडावं लागतं. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून काम वाढलंय. ज्यांना मुंबईच्या खेपा परवडत नव्हत्या, ती माणसंही आता पुनरीक्षण अर्ज, म्हणजे खालचा निकाल वरच्या कोर्टानं तपासावा असा अर्ज, दाखल करतात. याचा मला मनापासून आनंद आहे. भाषांतर मात्र अजून पानाच्या भावानं विकत घेतलं जातं, आणि कोणाचं तरी आयुष्य त्या पानावर असतं.

बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं, ते आधी सांगते. साक्षीदाराला विचारलेला प्रश्न बहुतेक वेळा रेकॉर्डवर येतच नाही. येतं ते फक्त उत्तर, तेही एका ठरलेल्या साच्यात: ‘हे म्हणणे खरे आहे की...’, ‘मला सांगता येणार नाही की...’. वकिलानं काय विचारलं, साक्षीदार किती वेळ गप्प राहिला, हे त्या कागदात नसतं. भाषांतर करणाऱ्यानं उत्तरावरून प्रश्न ओळखायचा असतो. आरोपीच्या जबाबात तेवढा प्रश्न आणि उत्तर दोन्ही लिहिलेलं असतं.

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहिते आहे. प्रकरण एका गावच्या विकास सोसायटीतल्या, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेतल्या, अपहाराचं होतं, दहा-बारा वर्षांपूर्वीचं. आरोपी म्हणजे तिथला गटसचिव, सोसायटीचं दप्तर सांभाळणारा. भारतीय दंड संहितेचं, सोपवलेल्या मालमत्तेच्या अपहाराचं कलम ४०९, जोडीला हिशेबात खोट्या नोंदी केल्याचं ४७७-अ. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, सत्र न्यायालयात अपील फेटाळलं गेलं. आता पुनरीक्षण अर्ज कोल्हापूरला जायचा होता. वकीलसाहेबांनी भाषांतर आधीच दुसरीकडून करून घेतलेलं होतं. माझ्याकडे काम होतं फक्त मूळ कागदांशी ताडून बघण्याचं, आणि तारीख अगदी तोंडावर आलेली.

पहिलं पान वाचलं तेव्हाच खटकायला लागलं. इंग्रजी मजकुरात जिकडेतिकडे ‘चार्ज’ होता. कोर्टानं ठेवलेला दोषारोप म्हणजे चार्ज. जमिनीवरचा बोजा म्हणजेही चार्ज. सचिवपदाचा कार्यभार म्हणजे चार्ज, आणि कर्जावरचा दंडाचा आकार म्हणजेही चार्जच. यातलं एकही इंग्रजी तसं चूक नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ प्रमाणे कर्ज घेणारा सभासद इकरार (लेखी कबुली) करून देतो आणि त्याच्या जमिनीवर जो बोजा चढतो, त्याला कायदा चार्जच म्हणतो. फौजदारी कोर्ट जो ठेवतं तोही चार्जच. शब्दकोश उघडून कोणी भांडायला आलं, तर त्या भाषांतरात चूक दाखवता येणार नाही.

पण मग मी आरोपीच्या जबाबापर्यंत पोचले. प्रश्न होता, ३१ मार्च रोजी वसूल झालेली रक्कम तुम्ही कीर्दीस (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) जमा केली नाही असे साक्षीदार सांगतात, याबाबत काय म्हणायचे आहे? उत्तर: ‘खोटे आहे. त्या दिवशी माझेकडे चार्ज नव्हता.’

इंग्रजीत झालं होतं, ‘त्या दिवशी माझ्याविरुद्ध कोणताही आरोप नव्हता.’

हे वाक्य खरंच आहे, त्या दिवशी कोणाविरुद्धच आरोप नव्हता. पण त्या माणसाच्या अख्ख्या बचावाचं वाक्य तेवढं एकच होतं. कलम ४०९ मध्ये सगळ्यात आधी सिद्ध करावं लागतं ते हे की मालमत्ता त्याच्याकडे सोपवलेली होती, तिच्यावर त्याचा ताबा होता. ‘चार्ज नव्हता’ म्हणजे सोपवणूकच नव्हती. इंग्रजीत वाचणाऱ्या न्यायमूर्तींना मात्र दिसलं असतं की विचारलेल्या प्रश्नाला आरोपीनं काहीतरी असंबद्ध उत्तर दिलं, आणि ते पुढच्या पानाकडे वळले असते.

मराठीत हा घोळ कोणाचाच होत नाही. माझ्याकडे चार्ज म्हणजे खुर्ची, माझ्यावर चार्ज म्हणजे आरोप, जमिनीवर चार्ज म्हणजे बोजा. सगळा अर्थ त्या ‘कडे’ आणि ‘वर’ मध्ये आहे. भाषांतर मशीनमधून काढलेलं होतं की घाईत हातानं केलेलं, हे मला ठाऊक नाही. ज्यानं केलं त्यानं सोसायटीचं दप्तर कधी पाहिलेलं नव्हतं, हे मात्र नक्की. बरेचसे वकीलही मूळ मराठी साक्ष पुन्हा वाचत नाहीत, इंग्रजी आलं की मराठी गठ्ठा बाजूला पडतो. गावाकडच्या माणसाचं म्हणणं तिथेच हरवतं, आणि याची मला भयंकर चीड येते.

या प्रकरणात चार्ज आणि बोजा एकाच गठ्ठ्यात का आले, तेही सांगते. मार्चअखेरीला सोसायटीत काय गर्दी असते, हे शेतकऱ्यांच्या घरात सांगायला नको. मुदतीत पीककर्ज भरलं तर व्याजाची सवलत मिळते, म्हणून शेवटच्या दिवशी अख्खं गाव पैसे घेऊन येतं. त्या दिवशी पावत्या फाटल्या, त्यावर सही क्लार्कची. पुढे वर्षभरानं एका सभासदाला दुसरीकडून कर्ज काढायचं होतं. तो बेबाकीचा, म्हणजे काही बाकी नसल्याचा, दाखला मागायला गेला, तर खाती बाकी उभी, आणि सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा तसाच. त्यानं जपून ठेवलेली पावती दाखवली. मग आणखी चौघं-पाचजण पावत्या घेऊन आले, लेखापरीक्षण झालं आणि फिर्याद झाली.

क्लार्क साक्षीत म्हणाला, ‘दिवसभराची रोकड संध्याकाळी सचिवांकडे दिली.’ कोणत्या सचिवांकडे, हे सरकारी वकिलांनी विचारलं नाही आणि बचावाच्या वकिलांनीही विचारलं नाही. निदान रेकॉर्डवर तरी नाही. आणि त्याच दिवशी सचिव बदलत होता.

सचिव बदलताना काय काय सोपवलं याची चार्ज यादी करतात, ती या खटल्यात निशाणी ४२ म्हणून दाखल होती. तिची छायाप्रत मी भिंगाखाली धरून वाचली. आखलेला फुलस्केप कागद, कार्बननं उमटलेली अक्षरं, काही ठिकाणी पुसट. रोजकीर्द, खतावणी, वसुली पावती पुस्तकं, सभासद नोंदवही, चेकबुक, सोसायटीचा शिक्का, तिजोरीच्या किल्ल्या दोन. रोख शिल्लक या ओळीपुढे आकडा नाही, नुसतं ‘कीर्दीप्रमाणे’. ज्या कागदावर पैशांची जबाबदारी एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते, त्यावर पैशाचा आकडाच लिहायचा नाही, ही सवय आपल्या सहकारात कुणी लावली? खाली डावीकडे ‘चार्ज देणार’, त्यापुढे आरोपीची सही आणि ३१ मार्च. उजवीकडे ‘चार्ज घेणार’, आणि त्यापुढे कोरं. नव्या सचिवाकडे आधीच तीन सोसायट्या होत्या. एकेका गटसचिवाच्या गळ्यात इतक्या संस्था बांधल्या की मार्चअखेरीला तो कुठे कुठे पुरणार? हा नवा सचिव त्या दिवशी तिथे होता का, यावर दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगतात.

जुन्या भाषांतरात या यादीचं शीर्षक ‘आरोपांची यादी’ झालं होतं! अपहाराच्या खटल्यात, आरोपीची सही असलेली आरोपांची यादी. हे कबुलीजबाबासारखं वाचलं गेलं असतं.

दुपारी आरोपी स्वतः आले. वकीलसाहेबांनी झेरॉक्सचे राहिलेले कागद देऊन पाठवलं होतं. साठी ओलांडलेला माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकची फाईल. मी सहसा पक्षकारांशी प्रकरणाबद्दल बोलत नाही, तेव्हाही कागद मोजून घेतले आणि पोच दिली. जाता जाता दारातून ते म्हणाले, “ताई, एवढंच बघा, त्यादिवशी चार्जच नव्हता की माझ्याकडं. सगळ्यांस्नी सांगून दमलो.” त्यांनी केलं की नाही केलं, हे मला माहीत नाही, आणि ते ठरवणं माझं काम नाही. पण ते इतकी वर्षं जे सांगत होते, ते निदान तसंच्या तसं वरच्या कोर्टापर्यंत पोचवणं माझ्या हातात होतं.

मग मी सगळं पहिल्यापासून लिहायला घेतलं. दोषारोप आणि बोजा या दोन्हींना ‘चार्ज’ ठेवणं भागच होतं, कारण कायद्याचा शब्द तोच. बोज्याच्या ठिकाणी प्रत्येक वेळी जमीन आणि सातबाऱ्याची नोंद दिसेल अशी वाक्यं बांधली. आकाराला दुसरे शब्द मिळतात. राहिला कार्यभार. ‘माझेकडे चार्ज नव्हता’ याला ‘मी इनचार्ज नव्हतो’ हे सरळ होतं आणि मूळच्या जवळही. चार्ज यादीला मी सरकारी कचेऱ्यांतली जुनी इंग्रजी धाटणी वापरली, कार्यभार सोपवल्याची आणि स्वीकारल्याची. तिथे देणं आणि घेणं यांना वेगवेगळी क्रियापदं आहेत, नि इथे नेमकं तेच हवं होतं.

हा शब्द इतका का पसरला, म्हणून रात्री मी त्याची व्युत्पत्ती काढून वाचली. मुळात लॅटिन ‘कारुस’, म्हणजे चाकांची गाडी. त्यावरून गाडीत माल लादणं, मग फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. कार, कार्गो, कॅरी ही सगळी त्याच घरातली भावंडं. म्हणजे चार्जचा जुना अर्थ ओझं लादणं हा आहे. माणसावर कामाचं ओझं लादलं तर पदभार, दोषाचं लादलं तर आरोप, पैशाचं लादलं तर आकार, जमिनीवर कर्जाचं लादलं तर बोजा. आपला तलाठी सातबाऱ्यावर ‘बोजा’ लिहितो, तेव्हा तो त्या इंग्रजी शब्दाच्या अगदी मुळाशी जाऊन लिहितो. मला हे फार आवडलं. मराठीनं एकेका ओझ्याला वेगळं नाव दिलं आणि शिवाय कचेरीपुरता ‘चार्ज’ही घेतला. पदभार, कार्यभार हे शब्द बदलीच्या हुकमात असतात. बोलताना सगळे चार्जच म्हणतात, आणि साक्ष ही बोलण्यातून येते.

या सगळ्यात एक वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. लेखापरीक्षकाच्या उलटतपासात आहे: ‘हे म्हणणे खरे आहे की, दि. ३१ मार्च रोजी चार्ज झाला.’

चार्ज झाला. म्हणजे दिला, की घेतला, की दोन्ही? आपल्या कचेऱ्यांत हे सर्रास म्हणतात, ‘साहेबांचा चार्ज झाला का?’ मराठीत ते चालून जातं. इंग्रजीत मात्र देणारा आणि घेणारा यांच्यातला एक निवडल्याशिवाय धड वाक्य होत नाही. ‘सोपवला’ म्हटलं तर आरोपीची बाजू भक्कम होते. ‘देवाणघेवाण पूर्ण झाली’ म्हटलं तर आणखी भक्कम, आणि निशाणी ४२ वरची कोरी जागा झाकली जाते. मी शब्दशः ठेवलं, इंग्रजी ओबडधोबड झालं तरी, आणि खाली तळटीप दिली की मूळ क्रियापदावरून देणं की घेणं हे स्पष्ट होत नाही.

वकीलसाहेबांचा फोन आला. “मॅडम, तळटीप कशाला? सरळ हँडेड ओव्हर करा ना. आपल्याच बाजूचं आहे.” मी म्हटलं, साहेब, बाजू तुमची आहे, माझी नाही. मूळ कागद समोरच्यांकडेही आहे, आणि एका ठिकाणी मी माझ्या पदरचं घातलेलं सापडलं तर बाकीच्या दोनशे पानांवरचा विश्वास जाईल, त्या ‘इनचार्ज’वरचाही. ते जरा नाराज झाले, पण तळटीप राहिली. ते तसे मेहनती वकील आहेत, निशाणी ४२ चं शीर्षक त्यांना दाखवलं तेव्हा त्यांचाही चेहरा उतरला होता.

अर्ज दाखल करून घेतला गेला आणि खालच्या कोर्टाचं मूळ रेकॉर्ड मागवलं गेलं. अंतिम सुनावणी व्हायची आहे.

माझ्यापुरतं मी त्या ‘झाला’चं काय मानते? त्याच उलटतपासात दोन ओळी खाली लेखापरीक्षक म्हणतो, ‘नवीन सचिवाने चार्ज केव्हा घेतला हे मला सांगता येणार नाही.’ म्हणजे ‘घेतला’ हा वेगळा शब्द त्याच्या तोंडी आहे, आणि त्याची तारीख त्याला ठाऊक नाही. तसं असेल तर वरचं ‘झाला’ म्हणजे नुसतं ‘दिला’. आरोपीनं चार्ज दिला होता, पण तो घ्यायला कोणी आलंच नव्हतं. मग त्या संध्याकाळी क्लार्कनं रोकड मोजून ज्या सचिवांच्या हातात दिली, ते कोण?