बडोद्याच्या उन्हाळ्यात पिवळा क्लाउन गोबी

येलो क्लाउन गोबी हा खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळायचा समुद्री मासा पूर्ण वाढला तरी जेमतेम साडेतीन सेंटीमीटर भरतो. अंग लख्ख पिवळं, गालावर फिकट डाग. खवले नाहीत, त्याऐवजी अंगावर विषारी बुळबुळीत थर, त्यामुळे मोठे मासे सहसा वाटेला जात नाहीत. खवले नसल्यामुळेच तांब्याची औषधं त्याला झेपत नाहीत, हे आधी लक्षात घ्या.

दक्षिण जपानपासून ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफपर्यंत, शांत लगूनमधल्या (प्रवाळभिंतीआडच्या उथळ पाण्यातल्या) ॲक्रोपोरा या फांद्याफांद्यांच्या प्रवाळात तो राहतो. पोटाखालच्या परांची वाटी झालेली असते, तिने फांदीला चिकटून बसतो. टाकीत तो तासन्‌तास एका जागी दिसला तर आजारी समजू नका, तो त्याचा स्वभावच आहे. जोडी जमवणंही सोपं, कारण या गोबींत मादीचा नर होतो तसा नराचीही मादी होऊ शकते. अंडी घालताना मात्र जोडी फांदीवरचं जिवंत आवरण कुरतडते, म्हणून लहान प्रवाळ असलेल्या टाकीत दोन सोडू नयेत. उलट या गोबींचा प्रवाळावर उपकारही मोठा: फिजीतल्या अभ्यासात (२०१२) दिसलं, की विषारी शेवाळ चिकटताच प्रवाळ रासायनिक इशारा देतं आणि गोबिओडॉन हिस्ट्रिओ हा याचा भाऊबंद येऊन ते कुरतडून टाकतो.

बडोद्यात खरी लढाई उष्णतेशी. पाणी २५ ते २७ अंशांवर हवं. ३० च्या वर गेलं की पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासा धापा टाकतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाण्यावर पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात. पावसाळ्याच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावतं आणि तोच पंखा निरुपयोगी होतो. तेव्हा चिलरच, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्रच लागतं. पंख्यामुळे पाणी झपाट्याने उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची, खाऱ्या पाण्याची कधीच नाही. सुरुवातीला ४० लिटर आरओ पाण्याला सुमारे १.४ किलो समुद्री मीठ घ्या, घनता १.०२५ ठेवा. बोअरचं पाणी नकोच. नव्या टाकीतले अमोनिया आणि नायट्राइट हे विषारी घटक शून्यावर येईपर्यंत मासा आणू नका. त्याला चार ते सहा आठवडे लागतात.

इतकं सगळं जमूनही हा मासा दगावतो तो बहुतेकदा उपासमारीने. तो खाण्यामागे धावत नाही, चपळ सोबती सगळं फस्त करतात. पंप दहा मिनिटं बंद करा, आर्टेमियाची (एक बारीक कोळंबीसारखा जीव) ताजी पिल्लं किंवा वितळवलेले गोठवलेले सायक्लोप्स (पाण्यातले सूक्ष्म कवचधारी जीव) ड्रॉपरने त्याच्या तोंडासमोर हळूच सोडा. दिवसातून दोन-तीन वेळा, थोडं थोडं. कोरडे दाणे तो बहुधा नाकारतो. पोट आत गेलेलं दिसलं तर सोबतचे मासे लगेच वेगळे काढा.

बसायला सिरॅमिकची फांदीही चालते. कच्छच्या आखातातलं प्रवाळ कुणी देऊ केलं तर घेऊ नका, वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.