चारपैकी दोनच मॉस्फेट का जळत होते

फिटरने गाडीतला अँप्लिफायर माझ्या दुरुस्तीच्या काउंटरवर ठेवला आणि सोबत निदानही ठेवून दिलं. "काका, सप्लायचे दोन मॉस्फेट गेलेत. तेवढे टाका. संध्याकाळी न्यायला येतो, उद्या गाडी वरातीला जायचीय."

सप्लाय म्हणजे अँपला लागणारी वीज तयार करणारा भाग, आणि मॉस्फेट म्हणजे त्यातले करंट भराभर चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर. गाडी काँटेसा. मालकाने हौसेने नव्यासारखी करून घेतलेली, आणि डिकीत हा अँप्लिफायर, त्याच्या वडिलांनी १९९१ साली मस्कतहून येताना आणलेला. काळं ॲल्युमिनियमचं जड अंग, दोन चॅनल, ४ ओहमला प्रत्येकी ७५ वॅट. छापलेल्या वॅटवर माझा सहसा विश्वास नसतो, पण त्या काळातल्या चांगल्या मालात छापलेला आकडा खरा निघायचा. आजच्या डब्यांवर दोन-तीन हजार वॅट लिहिलेले असतात आणि आत फ्यूज ३० अँपिअरचा. १२ व्होल्टला ३० अँपिअर म्हणजे ३६० वॅट. बाकीचे कुठून येतात ते छापणाऱ्यालाच ठाऊक.

फिटरची खरी अडचण वेगळी होती. हेच दोन मॉस्फेट त्याने आधीही बदलले होते. दरवेळी अँप काही दिवस वाजला, मग कुणीतरी आवाज वाढवला की फट्. आता मालक म्हणत होता, तू बिघडवलास, तूच नवीन आणून दे.

"म्हणजे जळालेलं तू दरवेळी बरोबर बदललंस," मी म्हणालो, "पण जाळणारा आतच राहिला."

"काका, वेळ नाहीये हो."

"मग बस इथेच."

झाकण काढलं. चारपैकी डावीकडच्या जोडीतल्या एका मॉस्फेटच्या पोटाला खड्डा पडलेला, दुसरा दिसायला धड पण मीटरवर तिन्ही पाय एकमेकांत शॉर्ट. त्यांच्या गेटचे, म्हणजे चालू-बंदचा इशारा घेणाऱ्या पायाचे, रेझिस्टर काळे ठिक्कर, रंगाचे पट्टे वाचायची सोय नाही. उजवीकडची जोडी ठणठणीत, तीसुद्धा मूळची, कंपनीतून आलेली. मला खटकलं ते हेच. एकदा डावी जोडी जाणं हा योगायोग असू शकतो. पुन्हा पुन्हा तीच जाते तेव्हा काहीतरी तिला मारतंय.

कारच्या अँपमध्ये एवढा सप्लाय लागतो कशाला, हे थोडक्यात सांगतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.४ व्होल्टच्या आसपास मिळतात. तेवढ्यावर ४ ओहमच्या स्पीकरला ब्रिज करूनही, म्हणजे दोन्ही टोकांनी उलटसुलट ढकलूनही, वीसेक वॅटच्या पुढे जाता येत नाही. म्हणून आधी बॅटरीचा डीसी चिरून, म्हणजे वेगाने चालू-बंद करून, कड्यासारख्या टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरमधून चढवायचा, अधिक-उणे ३० व्होल्ट करायचे आणि त्यावर आउटपुट ट्रान्झिस्टर चालवायचे. चिरण्याचं काम मॉस्फेटचं आणि त्यांना ताल देण्याचं काम टीएल४९४ या आयसीचं. जुन्या कॉम्प्युटरचे एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, ज्यांनी उघडले आहेत त्यांना हा आयसी किंवा त्याचा भाऊ केए७५०० नक्की भेटलाय. मॉस्फेटच्या दोन जोड्या ट्रान्सफॉर्मरला आळीपाळीने ओढतात. एकाच उखळात दोघींनी मुसळ मारावं तसं: एकीचं वर गेल्याशिवाय दुसरीचं खाली यायला नको. एक उशिरा उठलं की आदळलीच.

आधी बोर्ड साफ केला. जळालेल्या रेझिस्टरखाली फायबरचा कोळसा झाला होता. अशा जागेवर नवीन पार्ट लावून मोकळं होणारे पुष्कळ आहेत, पण कोळशातून करंट जातो. मीटरचे प्रोब त्या डागाच्या दोन टोकांना टेकवले तर काही किलोओहम दाखवत होता, तिथे एकही पार्ट नसताना. ब्लेडने पांढरा फायबर दिसेपर्यंत खरवडलं, खड्डा अराल्डाइटने भरला, उडालेला ट्रॅक तांब्याच्या तारेने जोडला आणि गेटच्या रेझिस्टरच्या जागी हाताशी होते ते तात्पुरते लावले.

मग चारही मॉस्फेट काढून ठेवले आणि बेंचच्या सप्लायवरून १२.६ व्होल्ट दिले, करंटची मर्यादा एक अँपिअरवर. अँपला चालू व्हायला सांगणारी रिमोटची वायर पॉझिटिव्हला टेकवली. टीएल४९४ च्या १४ नंबरच्या पायावर ५ व्होल्ट आले, म्हणजे आयसी जिवंत. स्कोपचा, म्हणजे पडद्यावर लहर दाखवणाऱ्या यंत्राचा, प्रोब उजव्या गेटच्या जागेवर ठेवला, चौकोनी लहर. डाव्या गेटवर ठेवला, तीही तशीच चौकोनी. कोपरे नीट, उंची सारखी.

फिटर मागून बघत होता. "बघा, ड्राइव्ह ओके आहे. मीपण हेच बघितलं होतं. टाका आता मॉस्फेट."

त्याचं चुकलं नव्हतं. बहुतेक जण इथेच थांबतात. पण मॉस्फेट काढलेला असताना ड्राइव्हला, म्हणजे गेटला ताल देणाऱ्या भागाला, ओझंच नसतं. मॉस्फेटचं गेट म्हणजे एक लहानसा कपॅसिटर. आयआरएफझेड४४एन चा सुमारे १४७० पिकोफॅरड, दोन समांतर असले की ३ नॅनोफॅरड. ते प्रत्येक फेरीत भरावं लागतं आणि तितक्याच झटक्यात रिकामं करावं लागतं. हातानं ढकलून गाडी रिकामी हलते का एवढंच आपण पाहिलं होतं, माल भरून नाही. मी ड्रॉवरमधून ३.३ नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर काढले आणि दोन्ही बाजूंना गेटच्या जागेवरून ग्राउंडला डकवले.

उजवी लहर होती तशीच राहिली. डावीचा चढ सरळ, पण उतार पसरला. उभा खाली येण्याऐवजी तिरका घरंगळत तीन-चार मायक्रोसेकंद खालीच येईना. तोवर उजवी बाजू वर जायला निघालेली.

फिटर स्टूलवरून उठून स्कोपला नाक लावून उभा राहिला. "हे मला का नाही दिसलं?"

"ओझं नव्हतं म्हणून."

गेट भरायचं काम आयसी करतो. रिकामं करायला प्रत्येक बाजूला एक बारकासा पीएनपी ट्रान्झिस्टर असतो. इथे ए७३३ होते. उजवीकडचा लगेच सापडला. डावीकडचा दिसेचना, कारण तो गोंदाखाली होता.

ऐंशी-नव्वदच्या दशकातला माल उघडणाऱ्यांना हा गोंद ओळखीचा आहे. मोठे कपॅसिटर हादऱ्याने हलू नयेत म्हणून त्यांच्या बुडाला कारखान्यात ओततात. नवा असताना पिवळट आणि निरुपद्रवी. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन तो तपकिरी, कडक होतो, ओल धरतो, करंट वाहू देतो आणि पार्टचे पाय खायला लागतो. इथे तो कपॅसिटरच्या बुडातून ओघळून थेट त्या ए७३३ वर बसला होता. हीटगनने मऊ केला, बांबूच्या काडीने थर थर करून सोडवला. शेवटचा तुकडा उचलला तर त्याच्यासोबत ट्रान्झिस्टरचा एमिटरचा पायही आला. भिंगाखाली धरला: वरून पाय शाबूत, सोल्डरजवळ हिरवट भुकटी आणि त्यात केसाएवढी फट.

आता सगळं जुळलं. पाय तुटल्यावर गेट रिकामं व्हायला एकच वाट उरली, १ किलोओहमचा रेझिस्टर. त्यातून चार्ज जातो, पण सावकाश. त्यामुळे डावी जोडी दर फेरीत अर्धवट चालू अवस्थेत रेंगाळायची आणि तिथेच तापायची. शिवाय उजवी चालू झाली की दोन्ही बाजू क्षणभर एकत्र, म्हणजे बॅटरी जवळजवळ शॉर्ट. हळू आवाजात ते निभावत होतं. बासचा ठोका जोरात आला की डावी जोडी संपायची. नवीन मॉस्फेट कितीही चांगले टाकले असते तरी तेच झालं असतं.

गोंद बोर्डावर जिथे जिथे होता तिथून काढला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतलं. फिटरला तपकीर गल्लीत, पार्टच्या बाजारात, पिटाळलं: चार मॉस्फेट एकाच लॉटचे, दोन ए७३३, गेटचे रेझिस्टर, मायका वॉशर. उजवी जोडी चांगली होती, पण एका बाजूला जुने आणि दुसऱ्या बाजूला नवे असं मी ठेवत नाही. "ए७३३ नसेल तर बीसी५५७ आणू का?" त्याने फोन केला. चालतो, पण पायांचा क्रम वेगळा, वाकवून लावावा लागतो. शेवटी ए७३३ च मिळाले, तेच आणले.

मॉस्फेट बाजारातून आले की मी सरळ लावत नाही. नकली माल इतका आहे की छपाईवरून काही कळत नाही. गेटला १० व्होल्ट द्यायचे, ड्रेन-सोर्स या उरलेल्या दोन पायांमधून ५ अँपिअर सोडायचे आणि मिलिव्होल्ट बघायचे. आयआरएफझेड४४एन चा चालू असतानाचा रेझिस्टन्स जास्तीत जास्त १७.५ मिलिओहम, म्हणजे ८७ मिलिव्होल्टच्या आत यायला हवं. आलेले चारही सत्तरच्या घरात होते. याआधी मरून पडलेले कसे होते ते तपासायला काही उरलं नव्हतं.

सगळं बसवल्यावर सिरीजमध्ये हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावून बॅटरी जोडली. बल्ब क्षणभर पेटला, आतले कपॅसिटर भरले, आणि विझत विझत नुसती लाल तार उरली. फिटरने "गणपती बाप्पा" म्हटलं. मी म्हटलं, आत्ता नको. बल्ब काढला, रेल, म्हणजे ते अधिक-उणे व्होल्ट, मोजले, दोन्ही सारखे. स्पीकर टर्मिनलवर डीसी जेमतेम १२ मिलिव्होल्ट. आउटपुट ट्रान्झिस्टरना काही झालं नव्हतं, फक्त एका चॅनलचा बायस, म्हणजे आवाज नसतानाही वाहणारा करंट, थोडा वर चढला होता, तो खाली आणला. मग ४ ओहमचा लोड लावून तासभर चालवला. दोन्ही जोड्यांवर आळीपाळीने बोट ठेवून पाहत होतो, सारख्याच गरम.

जाताना त्याने वायरची किट दाखवली तेव्हा दिसलं की फ्यूज ४० चा आहे. अँपच्या बुडाला स्पष्ट २५ लिहिलेलं.

"सारखा उडत होता म्हणून टाकला."

"उडत होता तो सांगत होता ना तुला."

२५ चा घालून दिला. ए७३३ चा तुटका पाय त्याने मालकाला दाखवायला कागदाच्या पुडीत बांधून नेला.

रात्री फोन आला. अँप मस्त वाजतोय, पण इंजिन चालू केलं की शिट्टी येते, ॲक्सिलरेटर दाबला की चढते. ग्राउंड कुठे घेतलंय विचारलं, तर डिकीतल्या स्क्रूला, नवीन रंगावरूनच. मालकाने रंगावर भरपूर पैसे घातलेले, त्यामुळे याचा हात धजत नव्हता. कार्पेटखाली, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे रुपयाएवढी जागा पत्रा लागेपर्यंत घास आणि तिथे लाव, म्हटलं. अर्ध्या तासाने मेसेज आला, शिट्टी गेली. बिलाचे राहिलेले पैसे वरात झाल्यावर देतो म्हणाला होता. वरात झाली, पैसे अजून वाटेत आहेत.